सर्वांत स्वस्त पार्सल कोणते?

शासनाचे जे कागद सामान्य माणसाच्या हाती वारंवार येतात, त्यांत दराचा तक्ता हा बहुधा सर्वांत कमी वाचला जाणारा कागद असावा. लोक त्यातला आपल्यापुरता आकडा पाहतात, पैसे मोजतात आणि निघून जातात. तो आकडा तेवढाच का, आणि तो ठरवताना कोणाचा भार कोणाच्या खांद्यावर टाकला गेला, हे सहसा कोणी विचारीत नाही. पाणीपट्टी असो, एस.टी.चे भाडे असो की टपालाचा दर असो, एखाद्या व्यवस्थेचे धोरण समजून घ्यायचे असेल तर तिच्या प्रमुखांची भाषणे वाचण्यापेक्षा तिचा दरपत्रक वाचावा, असे माझे अनेक वर्षांच्या नोकरीनंतरचे मत आहे.

पार्सलच्या दरांकडे माझे लक्ष नव्याने वेधले गेले ते मोहालीत. चंदीगडला लागून असलेले हे पंजाबातील शहर. त्याचे अधिकृत नाव साहिबजादा अजितसिंग नगर. २००६ पासून ते जिल्ह्याचे ठिकाणही आहे. नोकरीनिमित्त येथे येऊन राहिलेली मराठी कुटुंबे बरीच आहेत. त्यांपैकी एका परिचित घरातील गृहिणी फुलकारीच्या ओढण्या आणि पंजाबी जुत्ती इंटरनेटवरून विकतात. त्यांचे ग्राहक पुण्यात, नागपुरात, कोल्हापुरात आहेत, तसेच कॅनडा आणि अमेरिकेतही आहेत. एकदा बोलता बोलता त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही इतकी वर्षं सरकारात काढलीत. आता तुम्हीच सांगा, सगळ्यांत स्वस्त पार्सल कुठलं?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर साधे नव्हते. ते शोधताना जो इतिहास समोर आला, तो परमुलखात राहणाऱ्या मराठी वाचकांना जवळचा वाटेल असे वाटल्याने येथे मांडत आहे. कारण घरापासून दूर राहणाऱ्या माणसाचे घराशी असलेले नाते बऱ्याच अंशी पार्सलावरच चालते.

सुरुवात पत्रापासून करावी लागेल. १८३७ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने आपल्या मुलखात पत्रे वाहून नेण्याचा एकाधिकार स्वतःकडे घेतला. त्या काळी पत्राचा दर वजनावर आणि अंतरावर ठरत असे. कलकत्त्याहून मुंबईला एक तोळा वजनाचे पत्र पाठवायला एक रुपया पडे. त्या काळाच्या मजुरीच्या मानाने ही रक्कम इतकी मोठी होती की दूरच्या गावी पत्र पाठवणे हे सरकारी अधिकारी, सावकार आणि व्यापारी यांचेच काम होते.

त्याच वर्षी, म्हणजे १८३७ मध्ये, इंग्लंडमध्ये रोलंड हिल या गृहस्थाने टपालाच्या सुधारणेवर एक पुस्तिका लिहिली. हिल हा टपाल खात्याचा माणूस नव्हता. त्याने खात्याचे हिशेब मांडून दाखवले की लंडनहून एडिंबरोला एक पत्र वाहून नेण्याचा प्रत्यक्ष खर्च एका पेनीच्या छत्तिसाव्या भागाइतकाच आहे. मग खरा खर्च कशावर होतो? पत्र घेणे, त्याचे अंतर मोजणे, दर ठरवणे, नोंद करणे आणि पत्र घेणाऱ्याच्या दारात पैसे वसूल करणे यांवर. अंतर हा खर्चाचा अगदी लहान भाग होता, पण अंतराचा हिशेब ठेवणे हा मोठा भाग होता. तेव्हा सर्वांना एकच दर लावा आणि तो आधीच घ्या, असा त्याचा युक्तिवाद होता. त्यातून १८४० मध्ये इंग्लंडात एक पेनीचे टपाल सुरू झाले.

हिंदुस्थानात या प्रश्नाची चौकशी करण्यासाठी १८५० मध्ये तिन्ही इलाख्यांतून एकेक सदस्य घेऊन आयोग नेमण्यात आला. त्याच्या शिफारशींवरून लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत १८५४ चा कायदा झाला. १ ऑक्टोबर १८५४ पासून पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा हा दर देशभर, अंतराचा विचार न करता, लागू झाला. एक तोळ्याला दोन आणे. म्हणजे कलकत्ता ते मुंबई ज्या पत्राला सोळा आणे पडत, त्याला आता दोन आणे पडू लागले.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. एकच दर याचा अर्थ खर्च एकच झाला असा नव्हे. शेजारच्या गावी पत्र पाठवणारा थोडे जास्त देतो, म्हणून दूरच्या गावी पाठवणाऱ्याला कमी द्यावे लागते. हा एक प्रकारचा कर आहे आणि एक प्रकारची वर्गणीही आहे. तो आपल्याला खुपत नाही याचे कारण प्रत्येक जण कधी ना कधी दूरच्या गावी पत्र पाठवतो.

पार्सलांचे मात्र तसे नव्हते. जड वस्तू त्या काळी बहंगीने जात. बहंगी म्हणजे आपली कावड. खांद्यावर बांबू, दोन्ही टोकांना पेट्या, आणि टप्प्याटप्प्याने बदलणारे हरकारे. माणसाच्या खांद्यावरून माल न्यायचा तर प्रत्येक कोसाला आणि प्रत्येक शेराला खर्च वाढणारच. त्यामुळे पत्राचा दर एक झाला, तरी १८५४ च्या कायद्यात बहंगीचा दर वजन आणि अंतर या दोहोंवरच ठेवावा लागला. आगगाडी आल्यावर हे चित्र बदलले आणि पुढल्या काही दशकांत टपालाने जाणाऱ्या पार्सलांनाही अंतरनिरपेक्ष दर लागू झाला. टपालखात्याचा एकाधिकार मात्र पत्रांपुरताच होता, पार्सलांवर तो कधीच नव्हता. १८९८ च्या टपाल कायद्यातही तसेच राहिले. म्हणून पार्सलच्या बाबतीत खात्याला पहिल्यापासून स्पर्धक होते. आधी रेल्वेचे पार्सल ऑफिस, नंतर मोटार वाहतूकदार आणि १९८० नंतर कुरिअर.

इंग्लंडचा अनुभव या दृष्टीने बोधप्रद आहे. तेथे टपालाची पार्सलसेवा १ ऑगस्ट १८८३ रोजी सुरू झाली. आगगाडीने जाणाऱ्या पार्सलांच्या महसुलातील पंचावन्न टक्के हिस्सा रेल्वे कंपन्यांना द्यायचा असे ठरले होते. हा वाटा इतका जड झाला की १८८७ मध्ये टपालखात्याने लंडन ते ब्रायटन हा रस्ता पुन्हा घोडागाडीने चालवायला घेतला. नवे वाहन उपलब्ध असताना जुने वाहन स्वस्त पडले, कारण दर वाहनाच्या वेगावर नव्हे तर कराराच्या अटींवर ठरत होता. आजही आपण एखाद्या सेवेला स्वस्त म्हणतो तेव्हा तिच्यामागे असाच कोणता तरी करार असतो.

हिंदुस्थानी टपालाने पार्सलांत जी मोठी भर घातली ती म्हणजे १८७७ मध्ये सुरू झालेली व्हॅल्यू पेएबल पद्धत, आपली व्ही.पी. विक्रेत्याने माल टपालात टाकायचा, पोस्टमनने ग्राहकाकडून किंमत घेऊन मगच पार्सल द्यायचे, आणि ते पैसे विक्रेत्याकडे पाठवायचे. १८८० मध्ये टपालाची मनीऑर्डर आली आणि ही साखळी पूर्ण झाली. न पाहिलेल्या दुकानदाराकडून न पाहिलेला माल मागवण्याची हिंमत गावोगावच्या माणसाला या पद्धतीने दिली. पुस्तके, औषधे, बियाणे, घड्याळे आणि कापडचोपड घरबसल्या मिळू लागले. 'व्ही.पी. आली आहे, सोडवून घ्या' हे वाक्य आमच्या पिढीने लहानपणी घरात ऐकलेले आहे. महिनाअखेरीला आलेली व्ही.पी. सोडवायला पैसे नसणे हाही त्या काळच्या मध्यमवर्गीय घरातला ओळखीचा प्रसंग होता.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला तर या सेवेने मोठा आधार दिला. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि दिवाळी अंकांची परंपरा सुरू झाली. पुढे इंदूर, बडोदा, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील मराठी घरांत अंक पोहोचत ते मुख्यतः टपालाने. नोंदणीकृत वृत्तपत्रांना सवलतीचा दर, छापील पुस्तकांना बुकपोस्टाचा वेगळा दर, या तक्त्यातल्या ओळी म्हणजे खरे तर एक सांस्कृतिक धोरणच होते. पन्नास ग्रॅमपर्यंतची वृत्तपत्राची प्रत कित्येक वर्षे पंचवीस पैशांत देशात कोठेही जात असे. त्या पंचवीस पैशांत तो खर्च निघत नाही हे सर्वांना माहीत होते. तरीही शासनाने तो दर राखला, कारण वर्तमानपत्र वाचणारा नागरिक घडवणे हे टपालाच्या नफ्यातोट्याहून मोठे काम मानले गेले.

पण सवलतीच्या दराला दुसरी बाजूही असते. अमेरिकेत १ जानेवारी १९१३ रोजी पार्सल पोस्ट सुरू झाले. तेथील दर अंतराच्या टप्प्यांवर होता, पण अंतर मोजले जाई ते नकाशावर, सरळ रेषेत. युटा राज्यात व्हर्नल नावाचे आडगाव आहे. तेथे १९१६ मध्ये एका बँकेची इमारत बांधायची होती. विटा हव्या होत्या सॉल्ट लेक सिटीहून, आणि मालवाहू गाड्यांचे भाडे विटांच्या किमतीपेक्षा कितीतरी अधिक पडत होते. बांधणाऱ्याने टपालाचा तक्ता काढून पाहिला. सरळ रेषेत व्हर्नल जवळच्या टप्प्यात येत होते. त्याने पन्नास पौंडांच्या आतली पुडकी बांधून हजारो विटा टपालाने मागवल्या. प्रत्यक्षात त्या विटांना डोंगरांना वळसा घालून, एका मोठ्या आगगाडीतून, मग अरुंद रुळांच्या छोट्या गाडीतून आणि शेवटी घोड्यांच्या गाड्यांतून चारशे मैलांहून अधिक प्रवास करावा लागला. तो सगळा तोटा टपालखात्याने सोसला. त्यानंतर एका माणसाने एका दिवशी एका पत्त्यावर दोनशे पौंडांपेक्षा अधिक माल पाठवू नये, असा नियम आला.

ही हकिकत गंमत म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात प्रशासनाचा एक धडा दिसतो. बांधणाऱ्याने काहीही बेकायदा केले नाही. त्याने फक्त तक्ता नीट वाचला. दर ठरवणाऱ्यांनी वाचणाऱ्याच्या डोक्याने तो वाचला नव्हता. दुसरी गोष्ट अशी, की नियम सुधारताना अमेरिकन टपालाने पार्सलसेवा बंद केली नाही, दर वाढवून सामान्य माणसाला शिक्षाही केली नाही; फक्त मर्यादा घातली. सवलतीचा गैरवापर झाला म्हणून सवलतच काढून टाकणे हा सोपा मार्ग असतो, आणि बहुतेक वेळा तो चुकीचा असतो.

आता मोहालीकडे येऊ. आजच्या ऑनलाइन विक्रेत्याचे सगळे गणित पिनकोडवर चालते. हा पिनकोड आपल्याला दिला तो श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने. वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील वरिष्ठ अधिकारी होते आणि संस्कृतचे नामवंत कवीही. एकाच नावाची असंख्य गावे, अनेक लिप्या आणि अपुरे पत्ते यांतून मार्ग काढण्यासाठी त्यांनी सहा आकड्यांची पद्धत सुचवली. ती १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा टपाल छाननीच्या जिल्ह्याचा आणि शेवटचे तीन वाटप करणाऱ्या टपाल कार्यालयाचे. आपल्याकडे वडगाव, पिंपळगाव, नांदगाव किती आहेत हे आठवले, म्हणजे या कामाची थोरवी कळते.

मोहालीचे पिनकोड १६० या आकड्यांनी सुरू होतात, म्हणजे चंदीगडचेच. टपालाच्या दृष्टीने मोहाली आणि चंदीगड एकाच छाननी जिल्ह्यात आहेत. पण वस्तू व सेवा कराच्या दृष्टीने मोहाली पंजाबात आहे आणि रस्ता ओलांडला की केंद्रशासित प्रदेश लागतो, म्हणून तीच विक्री आंतरराज्य ठरते. उलट हाकेच्या अंतरावरील पंचकुला हरियाणात असून त्याचा पिन १३४ ने सुरू होतो. एकाच त्रिनगरीत तीन सरकारी नकाशे आहेत आणि पार्सलाला तिन्हींतून जावे लागते.

वेलणकरांनी पिनकोड आखला तो पत्र लवकर आणि अचूक पोहोचावे म्हणून. त्यात दराचा संबंध नव्हता. आज खासगी कुरिअर कंपन्या आणि त्यांचे दर एकत्र दाखवणारे दलाल त्याच पिनकोडवरून दराचे टप्पे ठरवतात. शहरातल्या शहरात एक दर, जवळच्या प्रदेशात दुसरा, महानगर ते महानगर तिसरा, उर्वरित भारत चौथा, आणि ईशान्य भारत व जम्मू-काश्मीर यांना सर्वांत महाग पाचवा. काही पिनकोडांवर तर सेवाच मिळत नाही. म्हणजे १८५४ मध्ये टपालाच्या दरातून काढून टाकलेले अंतर दीडशे वर्षांनी दुसऱ्या दाराने परत आले आहे. खुद्द टपालखात्याच्या दरातही ते आहे. स्पीड पोस्टचे १ ऑक्टोबर २०२५ पासूनचे दर पाहिले, तर पन्नास ग्रॅमपर्यंतच्या कागदपत्रांना स्थानिक हद्दीबाहेर देशभर सत्तेचाळीस रुपये, अधिक कर, असा एकच दर आहे; त्याहून जड टपालाला मात्र अंतराचे टप्पे लागतात.

त्या गृहिणींशी बसून मी त्यांची वही पाहिली. सर्वांत स्वस्त दर शोधताना लोक फक्त पहिला आकडा पाहतात, हे तेव्हा ध्यानात आले. खरा खर्च आणखी तीन ठिकाणी दडलेला असतो.

पहिले ठिकाण वजनाचा टप्पा. अर्ध्या किलोच्या टप्प्यावर दर असेल, तर पाचशे दहा ग्रॅमच्या पुडक्याला एक किलोचे पैसे पडतात. ओढणीच्या पार्सलात जाड पुठ्ठ्याऐवजी पातळ पण मजबूत पिशवी वापरली, तर हे दहा ग्रॅम वाचतात आणि दर जवळजवळ निम्म्यावर येतो.

दुसरे ठिकाण घनफळ. विमानात किंवा ट्रकमध्ये वजनाइतकीच जागाही महत्त्वाची असते. म्हणून आंतरराष्ट्रीय कुरिअर कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून त्याला पाच हजारांनी भागतात. ते उत्तर प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त आले, तर त्यावर पैसे आकारतात. परदेशी मुलांना फराळ पाठवणाऱ्या आईवडिलांना हा धक्का दर दिवाळीला बसतो. चिवडा आणि चकल्या या हलक्या आणि जागा खाणाऱ्या. चाळीस, तीस आणि तीस सेंटिमीटरच्या खोक्याचे घनफळ छत्तीस हजार. भागिले पाच हजार, म्हणजे सात किलो दोनशे ग्रॅम. आत फराळ चारच किलो असला, तरी पैसे सात किलोंहून अधिकचे. अशा वेळी लाडू आणि शंकरपाळे अधिक घालावेत, चिवडा कमी, आणि खोके भरून पोकळी ठेवू नये, हे ज्याला कळते त्याचा खर्च कमी होतो.

तिसरे आणि सर्वांत मोठे ठिकाण म्हणजे परत येणारे पार्सल. जुन्या काळी न सोडवलेली व्ही.पी. परत येई, तसाच आज 'माल मिळाल्यावर पैसे' या पद्धतीचा माल परत येतो. समजा, एका कुरिअरचा दर साठ रुपये आहे, परतीचेही साठच, आणि शंभरांपैकी वीस पार्सले परत येतात. एकूण खर्च सात हजार दोनशे रुपये आणि पोहोचलेली पार्सले ऐंशी. म्हणजे प्रत्येक पोहोचलेल्या पार्सलाला नव्वद रुपये. दुसऱ्याचा दर पंचाहत्तर, पण पाचच परत येतात. खर्च सात हजार आठशे पंचाहत्तर, पोहोचली पंचाण्णव. प्रत्येकी सुमारे त्र्याऐंशी रुपये. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. पण महाग दिसणारी सेवा कशी स्वस्त पडते, ते त्यावरून कळावे. विक्रेत्याने स्वतःच्या वहीतले आकडे घालून हेच गणित दर तीन महिन्यांनी करावे. वीस-पंचवीस किलोंचा गठ्ठा असेल आणि घाई नसेल, तर रेल्वेचे पार्सलही तपासावे. मात्र ते स्थानक ते स्थानक असते आणि दोन्ही टोकांच्या रिक्षाचे भाडे त्यात मिळवायला हवे.

परदेशी टपालाची कथा आणखी निराळी. हिंदुस्थान १ जुलै १८७६ रोजी आंतरराष्ट्रीय टपाल संघात सामील झाला. त्या संघाचे मूळ तत्त्व असे होते, की पत्र पाठवणाऱ्या देशाने पैसे ठेवावेत आणि घेणाऱ्या देशाने ते फुकट वाटावे. कारण प्रत्येक पत्राला उत्तर जाते, तेव्हा हिशेब आपोआप फिटतो. पत्राला उत्तर जाते, मालाला जात नाही. १९६९ मध्ये असे वाटपशुल्क देण्याचे तत्त्व मान्य झाले, पण दोन किलोपर्यंतची छोटी पुडकी पत्रांच्याच वर्गात राहिली आणि विकसनशील देशांना कमी शुल्क राहिले. त्यावर चीनमधील ऑनलाइन विक्रीचा मोठा डोलारा उभा राहिला. अमेरिकन विक्रेत्यांची तक्रार अशी, की चीनहून आलेले पुडके आमच्या शेजारच्या राज्यातून आलेल्या पुडक्यापेक्षा स्वस्त पडते. २०१८ मध्ये अमेरिकेने संघ सोडण्याची नोटीस दिली; सप्टेंबर २०१९ मध्ये जिनिव्हात तडजोड होऊन वाटपाचे दर स्वतः ठरवण्याची मुभा तिने मिळवली.

याचा मोहालीशी संबंध काय? भारतीय टपालाने डिसेंबर २०२२ पासून डाकघर निर्यात केंद्रे उघडली. त्यांची संख्या पुढे हजाराच्या वर गेली आणि छोट्या विक्रेत्याला परदेशी ग्राहक आवाक्यात आला. मग अमेरिकेने आठशे डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली आयातशुल्काची माफी ऑगस्ट २०२५ अखेर काढून घेतली. शुल्क कोणी व कसे गोळा करायचे हे स्पष्ट नसल्याने २५ ऑगस्टपासून आपल्या टपालाने अमेरिकेची नोंदणी थांबवली, ती १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली. त्याआधी २०२४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कॅनडाच्या टपाल कर्मचाऱ्यांचा महिनाभर संप झाला होता. सर्वांत स्वस्त मार्ग हाच ज्याचा एकमेव मार्ग असतो, त्याचा धंदा अशा वेळी बंद पडतो. म्हणून दुसऱ्या मार्गाचे खाते उघडून ठेवणे हाही खर्चाच्या हिशेबाचाच भाग आहे.

आता ज्या मुद्द्यासाठी हा सारा इतिहास मांडला, त्याकडे येतो. छापील पुस्तकांसाठी टपालात रजिस्टर्ड बुकपोस्ट ही सवलत होती. पाच किलोंचा पुस्तकांचा गठ्ठा सुमारे ऐंशी रुपयांत देशात कोठेही जाई. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या विक्रेत्याला मोहालीचा वाचक तेवढ्याच दरात मिळे, जेवढ्यात हडपसरचा मिळे. १८ डिसेंबर २०२४ पासून ही सेवा बंद झाली. देशभरातील प्रकाशक आणि वाचक यांनी नाराजी व्यक्त केली. पुढे १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट नावाची सेवा आली. तीनशे ग्रॅमला वीस रुपये, पाच किलोंना शंभर रुपये, अधिक कर. दर वाजवी आहे आणि टपालखात्याने तो पुन्हा अंतरनिरपेक्ष ठेवला, याबद्दल खात्याचे अभिनंदन करायला हवे. मात्र नियतकालिके आणि जाहिराती असलेली प्रकाशने या सवलतीत बसत नाहीत. जाहिरातींवर उभा असलेला मराठी दिवाळी अंक त्यात बसणे कठीणच.

सरकारी खर्चाच्या दृष्टीने ही बाब किरकोळ असेल. पण महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मुलाच्या हातात मराठी पुस्तक पडावे की नाही, याचा निर्णय बऱ्याचदा पुस्तकाच्या किमतीवर नव्हे, तर टपालखर्चावर होतो. दीडशे रुपयांच्या पुस्तकाला ऐंशी-नव्वद रुपये टपालखर्च लागला, तर पालक हात आखडता घेतात. त्यात त्यांचा दोष नाही.

या संदर्भात तीन सूचना कराव्याशा वाटतात. एक, कोणतीही सवलत बंद करताना किमान सहा महिन्यांची पूर्वसूचना असावी, म्हणजे छोट्या विक्रेत्याला आपली व्यवस्था बदलता येईल. दोन, सवलतीने होणारा तोटा टपालखात्याच्या माथी न मारता तो सांस्कृतिक खर्च म्हणून अर्थसंकल्पात वेगळा दाखवावा; उघड दिसणारा खर्च टिकवणे सोपे असते, लपलेला खर्च कोणीतरी एका सहीने कापून टाकतो. तीन, ज्ञान पोस्टच्या नियमांत भारतीय भाषांतील वार्षिक विशेषांकांसाठी जागा करावी आणि गैरवापराची भीती असेल, तर अमेरिकन टपालाने विटांच्या बाबतीत केले तसे प्रती किंवा वजन यांवर मर्यादा घालावी.

१८५४ चा अर्ध्या आण्याचा दर कोणा एका व्यापाऱ्याने शोधून काढलेला सर्वांत स्वस्त मार्ग नव्हता. दूरच्या माणसाने दूर आहे म्हणून जास्त मोजू नये, हे आधी ठरले आणि मग तो दर आला. २०२३ च्या नव्या टपाल कायद्याने पत्रांवरचा एकाधिकारही आता राहिलेला नाही. जवळचा आणि किफायतशीर माल खासगी कंपन्या उचलतील आणि दूरचा, तोट्याचा माल टपालाकडे उरेल. तो भार कोणी उचलायचा हे ठरवण्याचे काम बाजारावर सोडता येणार नाही. परमुलखातील मराठी संस्था आणि वाचक यांनी आपल्या लोकप्रतिनिधींकडे हा विषय लावून धरावा. दिवाळी अंकांच्या जुळणीची कामे पावसाळ्यातच सुरू होतात. त्याआधी ही दुरुस्ती झाली, तर पुढल्या दिवाळीला अंक मोहालीत, गुवाहाटीत आणि कोचीत पुण्याच्याच दराने पोहोचतील.